क्लिनिकच्या सॉफ्टवेअरमध्ये ८२४ एरर येतोय, रिपेअरचं बटण दाबायचं का?

पशुसेवा_सांगली

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. मी सांगलीजवळच्या एका पशुवैद्यकीय क्लिनिकमध्ये रिसेप्शन, बिलिंग आणि कॉम्प्युटरचं सगळं बघते. कुत्री-मांजरं आहेतच, पण गाई-म्हशींच्या व्हिजिटही भरपूर असतात. सॉफ्टवेअर कुठलं ते इथे लिहीत नाही, पण आतमध्ये एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टचा फुकटातला डेटाबेस) आहे, मेन डेटा रिसेप्शनच्या पीसीवर आणि डॉक्टरांच्या केबिनमधला नि औषधांच्या काउंटरचा असे दोन पीसी त्याला लॅनने जोडलेले.

परवा बिलिंग चालू असताना लाईट गेली, यूपीएसने दोन मिनिटंही दम धरला नाही आणि मेन पीसी बंद पडला. परत चालू केल्यावर सॉफ्टवेअर उघडलं, बहुतेक सगळं नीट दिसतंय, पण ठरावीक जनावरांची लसीकरणाची हिस्टरी उघडली की ८२४ नंबरचा एरर येतो, त्यात लॉजिकल कन्सिस्टन्सी आणि इनकरेक्ट चेकसम असं काहीतरी लिहिलेलं असतं. मालकांचा मोबाइल नंबर टाकून सर्च केलं तरी अधूनमधून तोच प्रकार. सॉफ्टवेअरच्या युटिलिटी मेनूत डेटाबेस चेक अँड रिपेअर असं बटण आहे आणि सपोर्टवाला फोनवर म्हणतो की सगळ्यांना बाहेर काढा आणि ते दाबा, होऊन जाईल. डॉक्टर म्हणतात आधी कुणालातरी विचार. रोज रात्रीचा बॅकअप एका एक्स्टर्नल डिस्कवर जातो, लाईट गेली त्याच्या आदल्या रात्रीचाही आहे. काय करू? सकाळी नऊला ओपीडी सुरू होते.

हार्डवेअर_कोल्हापूर

ताई काही घाबरू नका, रिपेअर मारून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. मी मेडिकल दुकानांची अशी बरीच मशीन्स नीट केलीत. नाहीच झालं तर सर्व्हिस बंद करून एलडीएफ फाईल डिलीट करा आणि डेटाबेस परत अटॅच करा, नवीन लॉग आपोआप बनतो.

डीबीए_ठाणे

ताई, कृपा करून यातलं काहीही आत्ता करू नका. कोल्हापूरकर, तुमचा हेतू चांगलाच आहे, पण एलडीएफ म्हणजे रद्दीची फाईल नाही हो. कुठला व्यवहार पूर्ण झाला आणि कुठला अर्धवट राहिला याची नोंद तिच्यातच असते. ती उडवून डेटाबेस जबरदस्तीने उभा केला तर अर्धं बिल, स्टॉक वजा झालाय पण बिलच नाही, असले प्रकार कायमचे आत बसतात आणि नंतर कुठलंही टूल ते शोधून देत नाही. डीटॅच, म्हणजे सर्व्हरपासून डेटाबेस सोडवणं, ते पण करू नका, खराब डेटाबेस एकदा डीटॅच केला की कधीकधी परत अटॅचच होत नाही.

आता ८२४ म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एसक्यूएल सर्व्हर डेटा ८ केबीच्या पानांमध्ये ठेवतो. पान डिस्कवर लिहिताना त्यावर एक चेकसम (पानातल्या मजकुरावरून काढलेला आकडा) टाकतो आणि वाचताना परत हिशोब करून जुळवतो. जुळलं नाही की ८२४. नुसती लाईट गेल्याने खरं तर हे व्हायला नको, कारण आधी लॉग लिहायचा आणि मग पान, अशीच सगळी रचना आहे. पण साध्या डिस्क आणि स्वस्त एसएसडी बऱ्याचदा 'लिहिलं' असं सांगून मोकळ्या होतात आणि डेटा त्यांच्या कॅशमध्येच असतो, तेवढ्यात करंट गेला की पान अर्धं नवीन अर्धं जुनं राहतं. दुसरी शक्यता म्हणजे डिस्कच मरायला लागलीय आणि लाईट जाणं हे फक्त निमित्त. म्हणून विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कचे एरर आहेत का ते बघाच. ८२३ आणि ८२५ हे नंबर दिसतात का तेही शोधा. ८२५ म्हणजे वाचताना एकदा फेल गेलं पण परत प्रयत्न केल्यावर जमलं, ती डिस्कची आगाऊ सूचना असते आणि बहुतेक ठिकाणी ती कुणी वाचतच नाही.

करायचं काय, तर आधी बाकीच्या दोन्ही पीसीवरून सॉफ्टवेअर बंद करा, नवीन नोंदी कागदावर घ्या. मग एसक्यूएलची सर्व्हिस थांबवून एमडीएफ (मूळ डेटाची) आणि एलडीएफ (लॉगची) दोन्ही फाईल्स दुसऱ्या, चांगल्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. आदल्या रात्रीच्या बॅकअपचीही वेगळी कॉपी करा आणि आजचा ऑटो बॅकअप त्याच्यावर ओव्हरराइट होणार नाही हे बघा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण बऱ्याच क्लिनिकमध्ये चांगला बॅकअप असाच जातो. हे झाल्याशिवाय चेकडिस्क पण चालवू नका, तो दुरुस्तीच्या नादात अजून काहीतरी बदलून ठेवतो.

मग सर्व्हिस चालू करून मॅनेजमेंट स्टुडिओमधून (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम) डीबीसीसी चेकडीबी ही कमांड चालवा, सोबत नो इन्फोमेसेजेस आणि ऑल एररमेसेजेस हे दोन पर्याय द्या, आणि जे काही येईल ते पूर्ण टेक्स्ट फाईलमध्ये सेव्ह करा. ही फक्त तपासणी आहे, ती काही बदलत नाही. रिपोर्टमध्ये टेबलचं नाव, इंडेक्स आयडी आणि पान नंबर येतो. तो इंडेक्स आयडी इथे टाका, सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. शेवटी एक ओळ येईल की अमुक लेव्हलचा रिपेअर किमान लागेल, तीही द्या. ती ओळ म्हणजे 'हे करा' असा सल्ला नसतो. रिपेअरच करायचा झाला तर इतका लागेल, एवढंच ती सांगते.

आणि सपोर्टवाल्याला एकच प्रश्न विचारा, त्या बटणामागे नक्की कुठली कमांड चालते? रिपेअर अलाऊ डेटा लॉस असेल तर नावातच सगळं आलं. खराब पान तो दुरुस्त वगैरे करत नाही, ते पानच काढून टाकतो आणि उरलेलं जोडून घेतो. पानावर जेवढ्या नोंदी होत्या तेवढ्या गेल्या, आणि वर मेसेज येतो की डेटाबेस आता व्यवस्थित आहे.

श्वानवैद्य_पुणे

मी डॉक्टर आहे, कॉम्प्युटरवाला नाही, पण वरच्या शेवटच्या वाक्यावर थोडं बोलायलाच हवं. लसीकरणाच्या टेबलातलं एक पान गेलं म्हणजे काय जातं याचा विचार करा. आमच्याकडे पुण्यात आयटीतली मंडळी जर्मनी, नेदरलँड्सला जाताना कुत्रं सोबत नेतात. युरोपसाठी आधी १५ अंकी मायक्रोचिप, मग किंवा त्याच दिवशी रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, त्यात टायटर, म्हणजे लसीमुळे तयार झालेल्या अँटीबॉडीचं प्रमाण, ०.५ आययू प्रति एमएल किंवा जास्त यायला हवं आणि नमुना घेतल्यापासून ३ महिने थांबायचं. पुढचे बूस्टर वेळच्या वेळी झाले असतील तर तो टायटर चालू राहतो, खंड पडला तर सगळं पहिल्यापासून. म्हणजे बूस्टरची एक तारीख गायब झाली आणि ती दुसरीकडे कुठे सापडली नाही, तर त्या कुटुंबाचे महिने जातात, तिकीटं निघालेली असतात.

त्याहून मला भीती वाटते ती अलर्टची. कोली जातीच्या कुत्र्यांत आयव्हरमेक्टिन सहन न होणारी बरीच असतात, तशी सूचना फाईलवर लाल अक्षरात असते. ती ओळ गेली तर स्क्रीन कोरी दिसते, आणि कोरी स्क्रीन बघून रात्रपाळीचा नवीन डॉक्टर समजतो की काहीच त्रास नाही. एरर आलेला परवडला, निदान माणूस थांबतो तरी.

ताई, तुमच्या सरांना सांगा, हे मिटेपर्यंत प्रत्येक जनावराचं वजन परत घ्या आणि ॲलर्जी, चालू औषधं मालकाला तोंडी विचारा. आणि लसीकरणाचं पुस्तक प्रत्येक मालकाच्या घरी असतं, त्यात लसीच्या बाटलीचं स्टिकर बॅच नंबरसकट चिकटवलेलं असतं. तुमच्या डेटाबेसपेक्षा ते जास्त पक्कं आहे, फोटो व्हॉट्सॲपवर मागवून घेता येतात.

पशुसेवा_सांगली

सगळ्यांचे खूप आभार. फाईल्स कॉपी केल्या, जुना बॅकअप वेगळा ठेवला, बटण दाबलेलं नाही. चेकडीबी चालवलं. ॲलोकेशन एरर शून्य, कन्सिस्टन्सी एरर सहा. मालकांच्या टेबलात इंडेक्स आयडी ३ आहे, आणि लसीकरणाच्या टेबलात इंडेक्स आयडी १, तिथे एकच पान नंबर परत परत येतोय. किमान लेव्हल रिपेअर अलाऊ डेटा लॉस लिहिलंय. सपोर्टवाल्याला विचारलं तर तो म्हणाला हो, आतून तीच कमांड चालते. रिकव्हरी मॉडेल सिंपल आहे म्हणाला.

अजून एक, लाईट गेल्यानंतर पहिलं बिल केलं तर बिल नंबर एकदम हजाराच्या आसपास पुढे गेलाय. मधली बिलं गेली का? डॉक्टरांना हे अजून सांगितलेलं नाही, आधी तुम्हाला विचारते.

डीबीए_ठाणे

बिलं गेलेली नाहीत, ते आधी डोक्यातून काढा. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून आपोआप वाढणारे नंबर आधीच मेमरीत राखून ठेवतो, साध्या इंट कॉलमला एका वेळी १०००. सर्व्हर अचानक मेला की राखलेले नंबर सोडून तो पुढच्या हप्त्यावर जातो. खात्री करायची तर लाईट जायच्या आधीचं शेवटचं बिल आणि त्या दिवसाची कॅश जुळवा. खाद्य आणि औषधविक्रीच्या टॅक्स इनव्हॉइसला सलग नंबर लागतो, म्हणून सीएंना उडीचं कारण लेखी कळवून ठेवा. आणि सॉफ्टवेअरवाल्यांना सांगा की बिल नंबर या कॉलमवरून काढू नका, त्यासाठी वेगळा काउंटर ठेवा. २०१७ पासून हे राखून ठेवणं डेटाबेसपुरतं बंदही करता येतं.

आता मुख्य. बातमी बरीच बरी आहे. इंडेक्स ३ म्हणजे नॉनक्लस्टर्ड, पुस्तकाच्या शेवटी सूची असते तसा, मूळ मजकूर वेगळीकडे शाबूत आहे. तो इंडेक्स आधी डिसेबल करा आणि मग रिबिल्ड करा, म्हणजे तो जुन्या खराब इंडेक्सवरून न बनता मूळ टेबलावरून बनेल. यात डेटा जात नाही आणि मोबाइल नंबरचा सर्च सुरू होईल. मूळ फाईल्सच्या कॉपी तुमच्याकडे आहेत, त्यामुळे हे निर्धास्त करा.

इंडेक्स १ मात्र खुद्द डेटा आहे. फुल रिकव्हरी मॉडेल (ज्यात लॉग त्याचा बॅकअप होईपर्यंत जपला जातो) आणि लॉगचे बॅकअप असते तर तेवढं एकच पान बॅकअपमधून परत आणता आलं असतं, सिंपलमध्ये ती सोय नाही. पण तुमच्याकडे आदल्या रात्रीचा बॅकअप आहे. तो आहे त्या डेटाबेसवर रिस्टोअर करू नका, दुसऱ्या नावाने करा, जमलं तर दुसऱ्या पीसीवर, आणि त्याच्यावरही चेकडीबी चालवा. तो स्वच्छ निघाला तर अर्धी लढाई जिंकलात.

मग रिपेअरच्या आधी एक काम, आधीच करायचं, नंतर ते होणार नाही. लसीकरणाच्या टेबलावर जनावराच्या नंबरचा दुसरा इंडेक्स असणारच. त्या इंडेक्सच्या पानांत प्रत्येक नोंदीचा आयडी असतो आणि ती पानं तुमची चांगली आहेत. क्वेरीत त्याच इंडेक्सची सक्ती करून फक्त आयडी आणि जनावर नंबर वाचून काढला तर खराब पानाला हात न लावता सगळ्या नोंदींची यादी मिळते. त्यातून कुठल्या आयडी वाचता येत नाहीत ते कळतं. एका नोंदीला दोनशे बाईट धरले तर पानावर चाळीसेक नोंदी असतील. एकदा रिपेअर चालला की तो बाकीचे इंडेक्स पण नव्याने बांधतो आणि हा पुरावाही जातो.

त्या चाळीसेक आयडी जुन्या असतील, म्हणजे टेबलाच्या मधल्या, तर त्या सगळ्या बॅकअपमध्ये आहेत. सगळ्यात शेवटच्या असतील तर त्या दिवशीच्या नोंदी बॅकअपमध्ये नसणार, त्या कागदावरून आणि मालकांच्या पुस्तकांवरून. यादी हातात आली की रिपेअर आधी कॉपीवर चालवा, बघा नेमक्या तेवढ्याच नोंदी जातात का, मग मूळ डेटाबेसवर सिंगल यूजर (एका वेळी एकच जण आत) करून चालवा आणि हरवलेल्या ओळी बॅकअपच्या डेटाबेसमधून त्याच आयडीने परत घाला. हे काम सपोर्टवाल्याला एनीडेस्कवर घेऊन करा, त्याला टेबलांची रचना माहिती असते. आणि डिस्कच्या एररचं काही दिसलं असेल तर हे सगळं नव्या एसएसडीवर, जुनीवर नाही.

शेवटी चेकडीबी परत, शून्य एरर येईपर्यंत. आणि डीबीसीसी चेककन्स्ट्रेंट्स विसरू नका, कारण रिपेअर करताना टेबलांमधले संबंध तो बघतच नाही, लस आहे पण जनावर नाही असं मागे राहू शकतं.

गोठा_ते_क्लाउड

सातारा भागात दूध संघासाठी नोंदींचं काम करतो, त्या अनुभवावरून एक सांगतो. चेकडीबी शून्य आलं म्हणजे पानं जुळली. आतली माहिती खरी आहे का, ते त्याला कळायचं काही साधन नाही. म्हणून त्यानंतर साध्या प्रश्नांच्या क्वेरी चालवा. मालकच नसलेलं जनावर आहे का, लसीची तारीख जन्मतारखेच्या आधीची आहे का, मृत नोंद झालेल्या जनावराचं त्यानंतर बिल आहे का, बिलाची एकूण रक्कम आणि खालच्या ओळींची बेरीज जुळते का, औषधाचा स्टॉक उणे झालाय का. टायगर, ब्रुनो, रॉकी अशा नावांची दहा-दहा कुत्री असतात, तेव्हा नावावर काहीही जुळवू नका, मालकाचा मोबाइल आणि जनावराचा नंबर दोन्ही घ्या.

गाई-म्हशींना कानातला १२ अंकी टॅग असतो, तो वापरा. आणि गाय भरवल्याची तारीख आवर्जून तपासा. गाभणकाळ साधारण २८० दिवस, शेवटचे दोन महिने गाय आटवायची (दूध काढणं बंद करायचं), ते सगळं त्या एका तारखेवरून मोजतात. ती चुकीच्या गाईला चिकटली तर दुधाचं आणि वासराचं नुकसान शेतकऱ्याचं होतं, आणि कॉम्प्युटरमुळे झालं हे त्याला कधी कळतही नाही. सरकारी पोर्टलवर टॅगनुसार लसीकरण आणि रेतन चढवलेलं असेल तर तिथून पडताळा घेता येतो.

हार्डवेअर_कोल्हापूर

डीबीए साहेब, इंडेक्स आयडीवरून असं वेगळं काढता येतं हे नव्याने समजलं, धन्यवाद. ताई, यूपीएसची बॅटरी लगेच बदला आणि यूएसबी केबलने पीसीला जोडून घ्या, बॅटरी ठरावीक खाली आली की विंडोज स्वतः नीट बंद होतं. फक्त मेन पीसी आणि राउटर त्याच्यावर ठेवा, प्रिंटर अजिबात नको, लेझर प्रिंटर गरम होताना एवढा लोड खेचतो की छोटा यूपीएस तिथेच बसतो.

पशुसेवा_सांगली

झालं एकदाचं! सुट्टीच्या दिवशी सपोर्टवाल्याला घेऊन केलं. बॅकअप स्वच्छ निघाला. वाचता न येणाऱ्या नोंदी सदतीस निघाल्या, सगळ्या जुन्या, त्यामुळे बॅकअपमधून जशाच्या तशा आल्या. चेकडीबी शून्य, चेककन्स्ट्रेंट्स पण कोरं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ८२५ दोन वेळा आलेला दिसला, तोही लाईट जायच्या कितीतरी आधी, म्हणून डॉक्टरांनी लगेच नवी एसएसडी आणायला लावली आणि सगळं तिच्यावरच केलं. गोठा_ते_क्लाउड यांच्या क्वेरींमध्ये मात्र मालक नसलेली बरीच जनावरं सापडली, ती या घटनेतली नाहीत, आधीच्या वर्षांतली आहेत, दोन मालक मर्ज करताना राहिलेली. ती आता एकेक करून फोन लावून जुळवतोय. दोन गाईंचं रेतनपण उलटसुलट होतं, डॉक्टरांनी त्या शेतकऱ्यांना स्वतः फोन केला.

आता रोजचं कसं ठेवू? सपोर्टवाला म्हणतो एक्सप्रेसमध्ये शेड्यूल लावता येत नाही. आणि एक्सरेचे फोटो बॅकअपमध्ये येतात का हे कसं बघायचं?

डीबीए_ठाणे

छान केलंत, मनापासून आनंद झाला. एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारी सर्व्हिस) नसतो हे खरं, पण विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून एसक्यूएलसीएमडीची (कमांड लाइनवरून एसक्यूएल चालवायचं टूल) बॅच फाईल चालवता येते. रोज रात्री बॅकअप, त्यात चेकसमचा पर्याय चालू ठेवा म्हणजे खराब पान लागलं की बॅकअप तिथेच थांबतो, गुपचूप पुढे जात नाही. आठवड्यातून एकदा चेकडीबी, आणि त्याची टेक्स्ट फाईल दर सोमवारी तुम्ही स्वतः उघडून बघायची. व्हेरिफाय ओन्ली (रिस्टोअर न करता बॅकअप फाईल तपासणारी कमांड) हिरवं आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या पीसीवर खरोखर रिस्टोअर करून एखाद्या जनावराची फाईल उघडा. निदान पंधरा दिवसांचे बॅकअप मागे ठेवा, कारण खराब पान कधीकधी आठवडाभर कुणी उघडतच नाही. डिस्क दोन ठेवा, एक कायम काढून ठेवलेली, नाहीतर रॅन्समवेअर आला तर दोन्ही जातील. चालू एमडीएफ फाईल गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, तिथे फक्त तयार बॅकअप फाईल जाऊ दे.

एक्सरेचं असं, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता असतो, कारण एक्सप्रेसच्या बहुतेक आवृत्त्यांना डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. तुमची बॅकअप फाईल जेमतेम एखाद जीबी असेल आणि एक्सरे हजारो असतील तर ते बॅकअपमध्ये नाहीत हे नक्की. रिस्टोअर केलेल्या कॉपीचा पीसी लॅनवरून काढा आणि एखादा एक्सरे उघडून बघा. उघडला नाही तर सपोर्टवाल्याकडून त्या फोल्डरचा रस्ता घ्या आणि तोही रोजच्या बॅच फाईलमध्ये टाका.